प्रकरण दाबलं कसं गेलं ते शोधायचंय? अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या केसेस वाचायला बसणाऱ्या नवख्यांसाठी

बरेच जण या विषयात शिरतात ते रात्री दीड वाजता एखादी डॉक्युमेंट्री बघून, आणि त्याच तिरमिरीत एफबीआयच्या वेबसाइटवर मार्टिन ल्यूथर किंग यांची फाइल उघडतात. तिथेच गाडी अडकते. हजारो पानं, निम्मी काळी केलेली, बाकीची इतकी फिकट की डोळे दुखतात, आणि भाषा अशी की आपण इंग्रजी शिकलो होतो की नाही असं वाटावं. दोन तासांनी टॅब बंद, पुन्हा कधीच नाही. माझंही पहिल्यांदा हेच झालं होतं, त्यामुळे हसू नका.

तर हा लेख त्यांच्यासाठी ज्यांना नीट, पायरीपायरीने बघायचंय की १९६० आणि ७० च्या दशकात अमेरिकेत सरकारी यंत्रणेने कार्यकर्त्यांवर हात कसा उचलला आणि नंतर ते झाकलं कसं. मारहाण, गोळीबार हे सगळ्यांना ठाऊक असतं, ते पुस्तकात येतं. झाकपाक मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि माझ्या मते शिकण्यासारखं तिथेच जास्त आहे, कारण प्रकरण दाबायचं म्हटलं तरी कुणाला तरी मेमो लिहावा लागतो, कुणाला तरी पैसे द्यावे लागतात, कुठेतरी सही करावी लागते. आपण तोच कागद शोधायचा.

पायरी १: एकच केस धरा, आणि किंगपासून सुरुवात करू नका

किंग, माल्कम एक्स (काळ्यांच्या चळवळीतले दुसरे मोठे नेते) ही नावं मोठी आहेत म्हणूनच नवख्याला जड जातात. जिथे जागा एक, रात्र एक, माणसं मोजकी आणि कागद भरपूर अशी केस घ्या. माझ्या मते सगळ्यात चांगली म्हणजे फ्रेड हॅम्प्टन. शिकागो, ४ डिसेंबर १९६९, पहाटे पावणेपाचच्या सुमारास, वेस्ट मनरो स्ट्रीटवरचा एक फ्लॅट. सरकारी वकील एडवर्ड हॅनरहान यांच्या ऑफिसला जोडलेले १४ पोलीस बेकायदा हत्यारांचं वॉरंट घेऊन आले, आणि ब्लॅक पँथर पार्टी या काळ्यांच्या लढाऊ संघटनेच्या इलिनॉय शाखेचा २१ वर्षांचा चेअरमन फ्रेड हॅम्प्टन आणि २२ वर्षांचा मार्क क्लार्क हे दोघं मेले, चार जण जखमी झाले. फ्रेड पलंगावर होता, शेजारी त्याची गरोदर जोडीदार डेबोरा जॉन्सन, साडेआठ महिने झालेले.

हॅम्प्टन नको असेल तर दुसरा पर्याय ऑरेंजबर्ग, साउथ कॅरोलायना, ८ फेब्रुवारी १९६८. एका बोलिंग अ‍ॅलीत काळ्यांना येऊ देत नव्हते, त्यावरून आंदोलन पेटलं, तिसऱ्या रात्री हायवे पेट्रोलच्या जवानांनी कॉलेजच्या आवारात गोळ्या चालवल्या, तीन तरुण मेले: सॅम्युएल हॅमंड, डेलानो मिडलटन, हेन्री स्मिथ. पंचवीसहून जास्त जखमी. दोन वर्षांनी केंट स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांवर झालेला गोळीबार जगाला माहीत आहे, ऑरेंजबर्ग नाही. का नाही, हा प्रश्न घेऊन बसलात तरी महिनाभर पुरेल.

पायरी २: दोन रकान्यांची वही

एका बाजूला लिहा "घडलं कधी", दुसऱ्या बाजूला "बाहेर आलं कधी". बास, एवढंच. फॅन्सी स्प्रेडशीट करत बसू नका, आधी वही. या दोन तारखांमधलं अंतर हेच बघायचंय.

एक उदाहरण देतो. १८ फेब्रुवारी १९६५, अलाबामातलं मॅरियन गाव, मोर्चावर लाठीमार चालू असताना जिमी ली जॅक्सन नावाच्या तरुणाला राज्य पोलिसातल्या एका ट्रूपरने गोळी घातली, आठ दिवसांनी तो गेला. त्याच रागातून काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी सेल्माचा मोर्चा निघाला हे पुष्कळांना माहीत असतं. पण गोळी घालणारा जेम्स बोनार्ड फाउलर याच्यावर तेव्हा आरोपपत्रच आलं नाही. ते आलं २००७ मध्ये, आणि २०१० मध्ये त्याने कमी गंभीर मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. शिक्षा किती, तर सहा महिने. डावीकडे १९६५, उजवीकडे २०१०, मध्ये ४५ वर्षं. मधल्या वर्षांत गावातल्या लोकांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे. पण माहीत असणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं.

पायरी ३: सरकारचं पहिलं निवेदन शब्दशः उतरवून घ्या

ही पायरी सगळे गाळतात. आपल्याला खरं काय घडलं ते आधीच माहीत असतं ना, मग खोटं कशाला वाचायचं असं वाटतं. उलट आहे. पहिल्या चोवीस तासांत सरकार जे बोलतं ते सोन्यासारखं जपून ठेवायचं, कारण तेव्हा त्यांना माहीत नसतं की पुढे कुठला पुरावा बाहेर येणार आहे, त्यामुळे ते बिनधास्त बोलतात.

हॅनरहान यांनी त्याच दिवशी प्रेसला सांगितलं की पँथरांनी हल्ला केला, पोलिसांनी कमालीचा संयम दाखवला. मग ११ डिसेंबरला शिकागो ट्रिब्यूनमध्ये त्यांच्या ऑफिसकडून मिळालेले फोटो छापून आले, दाराच्या चौकटीवर गोल करून दाखवलेली भोकं, म्हणे बघा पँथरांच्या गोळ्या. टीव्हीवर तर पोलिसांनी सेट लावून त्या रात्रीचं नाट्यरूपांतर करून दाखवलं, हे मी अतिशयोक्ती करत नाहीये, खरंच केलं.

ऑरेंजबर्गला पहिली बातमी गेली ती दोन्ही बाजूंनी गोळीबार झाल्याची. विद्यार्थ्यांकडे बंदुका असल्याचा पुरावा काही मिळाला नाही, पण पहिल्या दिवशीची बातमी देशभर छापून झाली होती, नंतरचा खुलासा कोण वाचतो.

मिसिसिपीत २१ जून १९६४ ला जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकल श्वेर्नर हे तिघं नागरी हक्क कार्यकर्ते गायब झाले तेव्हा तिथले स्थानिक अधिकारी म्हणत होते की पोरं पब्लिसिटीसाठी कुठेतरी लपून बसली असतील. ४ ऑगस्टला त्यांची प्रेतं मातीच्या धरणाखाली सापडली. आणि गायब झाले त्या दिवशी त्यांना आधी स्पीडिंगच्या नावाखाली पकडून तुरुंगात टाकणारा, मग रात्री सोडून पाठलाग करणारा होता तिथला डेप्युटी शेरीफ, म्हणजे स्थानिक पोलीस अधिकारी, सेसिल प्राइस.

वहीत या वाक्यांना नंबर द्या. वाक्य १, वाक्य २, असं. पुढे प्रत्येक नंबरासमोर पुरावा लावायचाय. आणि शक्य असेल तर त्याच दिवसाचं काळ्यांचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून वाचा, शिकागोसाठी शिकागो डिफेंडर. एकाच घटनेच्या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की कुणी कुणाला विचारलं आणि कुणाला विचारलंच नाही ते लगेच दिसतं.

पायरी ४: दार, भिंत, गादी, काडतूस

माणसं बोलतात ते बदलतं, भिंतीतलं भोक बदलत नाही (कुणी बुजवलं नाही तर).

हॅम्प्टनच्या केसमध्ये पोलिसांनी एक अजब चूक केली, फ्लॅट सीलच केला नाही. निघून गेले. मग पँथरांच्या वकिलांनी आणि एका फिल्म ग्रुपने आत जाऊन एकेक भोक मोजलं, शूट केलं, दाराची फळी काढून नेली आणि पँथरांनी फ्लॅट लोकांना बघायला खुला केला, हजारो माणसं रांग लावून येऊन बघून गेली, म्हाताऱ्याकोताऱ्या बायका, शाळेतली पोरं, शेजारपाजारचे. ट्रिब्यूनमध्ये ते फोटो छापून आले त्यानंतर दुसऱ्या वर्तमानपत्राचे रिपोर्टर स्वतः तिथे गेले आणि दाराच्या चौकटीवरच्या त्या "गोळ्यांच्या खुणा" जवळून बघितल्या. खिळे निघाले. खिळ्यांची डोकी. ठोकलेले साधे खिळे.

मला या सगळ्या प्रकरणात हे खिळे सगळ्यात जास्त आठवतात. कुणीतरी त्या फोटोवर गोल काढले असणार, कुणीतरी ते पाकीट प्रेसला दिलं असणार, आणि मधल्या कुणालाही वाटलं नाही की एकदा जाऊन बोट लावून बघावं.

पुढे मे १९७० मध्ये फेडरल (म्हणजे केंद्राच्या) ग्रँड ज्युरीचा, खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा, रिपोर्ट आला, त्यात पोलिसांनी ८२ ते ९९ गोळ्या झाडल्या आणि पँथरांकडून एकच सुटल्याचं आढळलं, ती मार्क क्लार्कच्या शॉटगनमधून. शिकागो पोलिसांच्या लॅबने दोन काडतुसं पँथरांच्या बंदुकीची ठरवली होती, एफबीआयच्या लॅबमध्ये ती पोलिसांच्याच बंदुकीची निघाली. वाचलेल्या सात पँथरांवर खुनाच्या प्रयत्नाचे आरोप होते, ते मागे घ्यावे लागले. आणि गंमत बघा, इतकं लिहूनही त्या ग्रँड ज्युरीने पोलिसांपैकी एकावरही आरोप ठेवला नाही. रिपोर्ट आणि आरोपपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच शिकून घ्या.

ऑरेंजबर्गला भिंतीऐवजी शरीरं बघायची. जखमा कुठे आहेत? बहुतेकांना पाठीत, कुशीत, काहींना तळपायात. समोरून चाल करून येणाऱ्या माणसाला तळपायात गोळी कशी लागते, हा प्रश्न वहीत लिहा आणि पुढे सरका. नऊ जवानांवर खटला चालला, १९६९ मध्ये सगळे सुटले. त्या सगळ्या प्रकरणात तुरुंगात गेला तो फक्त एक जण, क्लीव्हलंड सेलर्स, स्वतः गोळी लागलेला कार्यकर्ता, दंगलीच्या आरोपाखाली. त्याला माफी मिळाली १९९३ मध्ये. वहीचे दोन्ही रकाने भरा.

मे १९७० मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, फिलिप गिब्स आणि जेम्स अर्ल ग्रीन हे दोघं गेले, तिथे इमारतीवर चारशेच्या वर खुणा मोजल्या गेल्या, आणि पोलिसांचं म्हणणं होतं की वरून कुणी स्नायपर होता. राष्ट्रपतींनी नेमलेल्या आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला, शिक्षा कुणालाच झाली नाही. ही केस पहिली घेऊ नका, तिसरी चौथी घ्या.

एक सावधगिरीची गोष्ट. हॅम्प्टनच्या रक्तात गुंगीचं औषध होतं का, यावर तुम्हाला ऑनलाइन ठाम विधानं सापडतील. पँथरांच्या वकिलांच्या बाजूने करून घेतलेल्या चाचणीत सेकोबार्बिटल सापडलं, सरकारी चाचण्यांत नाही सापडलं, आणि हा वाद पूर्ण मिटलेला नाही. अशा ठिकाणी वहीत "वाद" असं लिहा आणि सोडून द्या. केस तेवढ्यावर उभी नाहीये. नवखे नेमके अशाच मसालेदार मुद्द्यावर अडकतात आणि समोरच्याने तेवढा एक मुद्दा पाडला की सगळंच पडल्यासारखं वाटतं.

पायरी ५: आता फाइल उघडा

आता, आधी नाही. आणि फाइल उघडायच्या आधी चर्च कमिटीचा रिपोर्ट. सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली १९७५-७६ मध्ये सिनेटने गुप्तचर खात्यांची चौकशी केली, अंतिम रिपोर्ट एप्रिल १९७६ चा. त्यातला दुसरा आणि तिसरा खंड आपल्या कामाचा, फुकट मिळतो. तिसऱ्या खंडात किंग यांच्यावर एक आणि ब्लॅक पँथरांवर एक प्रकरण आहे, ही दोन वाचा, बाकी नंतर. बातमीसारखं वाचता येतं, कंटाळवाणं नाहीये.

त्यातून तुम्हाला कोइंटेलप्रो हा शब्द नीट कळेल. एफबीआयचा छुपा कार्यक्रम, १९५६ ते १९७१. ऑगस्ट १९६७ च्या मेमोत काळ्यांच्या संघटनांबाबत ऑफिसांना सांगितलंय की त्यांना उघडं पाडा, फोडा, भरकटवा, बदनाम करा, नाहीतर दुसऱ्या कुठल्या मार्गाने निकामी करा. मार्च १९६८ च्या मेमोत तर असंही आहे की चळवळीत कुणी मसीहा उभा राहू देऊ नका. जानेवारी १९६९ मध्ये शिकागोतल्या ब्लॅकस्टोन रेंजर्स या टोळीच्या म्होरक्याला निनावी पत्र पाठवायला मंजुरी दिली, मजकूर काय तर पँथर तुझ्या जिवावर उठलेत. म्हणजे स्वतःच्या हाताला रक्त न लावता दोन गटांना एकमेकांवर घालायचं. आणि नोव्हेंबर १९६४ मध्ये किंग यांना पाठवलेलं ते निनावी पत्र, सोबत टेप, ज्याचा रोख आत्महत्या कर असाच होता. पाठवणारा एफबीआय.

फाइल वाचताना ही भाषा लागेल:

फाइल नंबरातला पहिला आकडा म्हणजे विषयाचा प्रकार. १०० म्हणजे देशांतर्गत सुरक्षा, १५७ म्हणजे त्यांच्या भाषेत वंशविषयक गोष्टी आणि अतिरेकी, ४४ म्हणजे नागरी हक्कांचा भंग. एकाच माणसाचं नाव ४४ मध्ये असेल तर कदाचित तो पीडित आहे आणि १५७ मध्ये असेल तर संशयित. काही जण दोन्हीकडे आहेत, तेव्हा दोन्ही फाइली बघा.

एअरटेल म्हणजे ऑफिसांमधला तातडीचा पत्रव्यवहार, तार नव्हे. एसएसी म्हणजे त्या शहराच्या ऑफिसचा प्रमुख. "जून" असं लिहिलेलं दिसलं तर महिना समजू नका, ते फोन टॅपिंगसारख्या अति संवेदनशील माहितीचं वेगळं कपाट आहे. मी हे न कळल्यामुळे एक अख्खी टाइमलाइन चुकवली होती, सगळं जून महिन्यात टाकून बसलो.

काळ्या पट्टीच्या कडेला बी-७-सी, बी-७-डी असे कोड असतात. सी म्हणजे कुणाच्या खासगीपणासाठी नाव झाकलंय. डी म्हणजे गुप्त स्रोत, थोडक्यात खबऱ्या. एखाद्या मीटिंगच्या रिपोर्टवर डी-डी-डी दिसलं तर समजून जा की खोलीत त्यांचा माणूस बसला होता. पट्टी किती लांब आहे तेही बघा, सहा अक्षरांचं नाव आणि पंधरा अक्षरांचं नाव यात फरक कळतो. हा खेळ मजेशीर आहे पण यावरून कुणाचं नाव जाहीर करू नका, अजिबात नाही, चुकलात तर एखाद्या निरपराध माणसाच्या नातवंडांना त्याचा त्रास होतो.

आणि एक कागद नक्की शोधा: १९६६ चा "डू नॉट फाइल" वाला मेमो. घरात घुसून चोरून कागद बघायचे त्या कामांची नोंद नेहमीच्या फाइलीत ठेवायची नाही, वेगळी ठेवायची आणि नंतर नष्ट करायची, ही पद्धत ज्यात समजावून सांगितलीय तो मेमो. नष्ट करायच्या पद्धतीचं वर्णन करणारा कागद नष्ट करायचा राहून गेला! चर्च कमिटीला तो मिळाला.

पायरी ६: पैसा कुणाला गेला

खबऱ्यांची पैशांची पानं ही सगळ्यात नीरस दिसतात, म्हणून लोक उलटतात. तिथेच थांबा.

विल्यम ओ'नील हा हॅम्प्टनच्या शाखेचा सुरक्षाप्रमुख होता आणि त्याच वेळी एफबीआयचा खबऱ्या. त्याने दिलेल्या माहितीवरून फ्लॅटचा नकाशा काढला गेला, त्यात हॅम्प्टनचा पलंग कुठे आहे तेही दाखवलं होतं, आणि तो नकाशा छाप्याआधी पोलिसांपर्यंत गेला. छाप्यानंतर त्याच डिसेंबरात त्याला ३०० डॉलरचा बोनस मंजूर झाला. शिकागो ऑफिसने मागणी करताना कारण दिलं की त्याची माहिती फार मोलाची ठरली. आता विचार करा, एफबीआय जाहीरपणे काय म्हणत होती, की हा स्थानिक पोलिसांचा मामला, आमचा संबंध नाही. मग बोनस कशाचा? एवढ्या एका व्हाउचरने त्या म्हणण्याची वाट लागते.

दुसरं प्रकरण व्हायोला लियुझो यांचं, २५ मार्च १९६५, सेल्माच्या मोर्चेकऱ्यांना गाडीतून सोडणारी डेट्रॉइटची एक आई, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या लोकांनी हायवेवर गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांच्या गाडीत बसलेला एक माणूस, गॅरी थॉमस रो, एफबीआयचा पगारी खबऱ्या होता. त्यानंतर एफबीआयच्या वरच्या लोकांनी काय केलं तर लियुझो यांच्याच चारित्र्याबद्दल अफवा पसरवल्या. मेलेल्या बाईबद्दल. ही पद्धत ओळखून ठेवा, मेलेल्यावर चिखल म्हणजे सहसा कुणीतरी आपल्या माणसाला झाकतंय.

राज्य सरकारांचाही पैसा बघा. मिसिसिपीत १९५६ मध्ये कायद्यानेच एक सॉव्हरन्टी कमिशन स्थापन झालं, सरकारी तिजोरीतून चालणारी हेरगिरी, फक्त वंशभेद टिकवण्यासाठी. १९७७ मध्ये बंद केलं आणि कागद ५० वर्षं, म्हणजे २०२७ पर्यंत सीलबंद. कोर्टात लढून मार्च १९९८ मध्ये उघडावे लागले, सव्वा लाखाच्या वर पानं. आता ती ऑनलाइन आहेत, राज्याच्या अभिलेखागाराच्या साइटवर नावाने शोधता येतं. त्याआधीच, १९८९ मध्ये, फुटलेल्या कागदांवरून जेरी मिचेल या पत्रकाराने छापलं की नागरी हक्कांचे मिसिसिपीतले नेते मेडगर एव्हर्स यांच्या खुनाच्या १९६४ च्या दुसऱ्या खटल्यात या कमिशनने आरोपीच्या वकिलांसाठी ज्युरीतल्या लोकांची माहिती काढून दिली होती. राज्य एका हाताने खटला चालवतंय आणि दुसऱ्या हाताने आरोपीला मदत करतंय. केस पुन्हा उघडली आणि त्या आरोपीला, बायरन डी ला बेकविथला, १९९४ मध्ये शिक्षा झाली. खून १९६३ चा.

पायरी ७: कोर्टाचे कागद, आणि कुठला खटला कशाचा ते

इथे गोंधळ फार होतो म्हणून थोडक्यात. खून हा राज्याचा गुन्हा. राज्य खटला भरत नसेल तर फेडरल सरकार फक्त नागरी हक्कांचा भंग किंवा त्याचा कट एवढाच आरोप ठेवू शकत असे. म्हणून चेनी, गुडमन, श्वेर्नर केसमध्ये १९६७ ला १८ जणांवर खटला चालला, सात दोषी ठरले, त्यात डेप्युटी प्राइसही होता, पण खुनासाठी कुणीच नाही. मिसिसिपी राज्याने पहिल्यांदा कुणाला दोषी ठरवलं ते २१ जून २००५ ला, एडगर रे किलन, मनुष्यवध, बरोबर ४१ वर्षांनी, तिघं गायब झाले तीच तारीख.

दिवाणी दाव्याचे कागद फौजदारीपेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण त्यात समोरच्याला आपली कागदपत्रं द्यावी लागतात. हॅनरहान आणि बाकीच्यांवर पुराव्यात अडथळा आणल्याचा फौजदारी खटला झाला, १९७२ मध्ये सगळे सुटले (पण त्याच महिन्या-दोन महिन्यांत हॅनरहान निवडणूक हरले, शिकागोच्या काळ्या मतदारांनी विसरायचं नाकारलं). दिवाणी दावा मात्र १९७० पासून चालूच राहिला. दीड वर्षाची सुनावणी, त्यात मध्येच कळलं की एफबीआयने हजारो पानं दिलेलीच नाहीत, मग न्यायाधीशाने दावाच काढून टाकला, मग १९७९ मध्ये वरच्या कोर्टाने तो पुन्हा उभा केला. तो १९७९ चा निकाल वाचा, लांब आहे पण सरकारी बाजूने कागद कसे दडवले त्याचं वर्णन इतकं सरळ दुसरीकडे नाही. शेवटी १८ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली, शहर, काउंटी आणि फेडरल सरकार यांनी वाटून दिले. तडजोड म्हणजे गुन्हा कबूल नव्हे, लिहिताना "सरकारने कबूल केलं" असं ठोकून देऊ नका.

पायरी ८: स्वतः माहिती मागवा

अमेरिकेचा माहिती अधिकाराचा कायदा, ज्याला सगळे फोया म्हणतात, १९६६ चा, आणि १९७४ मध्ये त्याला खरे दात आले. अर्ज कुणीही करू शकतं, अमेरिकन नागरिक असायलाच हवं असं नाही.

या कायद्याचा जोर किती आहे बघा. ८ मार्च १९७१ च्या रात्री, सगळा देश अली-फ्रेझर बॉक्सिंगच्या लढतीत गुंतलेला असताना, पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावातलं एफबीआयचं छोटं ऑफिस काही सामान्य लोकांनी फोडलं आणि फाइली उचलून वर्तमानपत्रांना पाठवल्या. त्यातल्या एका चिठ्ठीवर कोइंटेलप्रो हा शब्द होता, अर्थ कुणालाच माहीत नाही. एनबीसी या टीव्ही वाहिनीचा पत्रकार कार्ल स्टर्न याने त्या एका शब्दावर अर्ज केला, नकार आला, कोर्टात गेला आणि डिसेंबर १९७३ मध्ये कागद मिळवले. तर अर्ज करताना:

आधी व्हॉल्ट बघा, एफबीआयची ऑनलाइन लायब्ररी, आणि मग नॅशनल आर्काइव्ह्ज. जे आधीच बाहेर आहे ते मागून वेळ घालवू नका.

माणूस वारलेला असेल तर मृत्यूचा पुरावा जोडा, छापून आलेली श्रद्धांजलीची बातमीही चालते. हे जोडलं नाही तर खासगीपणाच्या नावाखाली अर्ज परत.

फक्त मुख्यालय लिहू नका, त्या शहराच्या फील्ड ऑफिसचं नाव लिहा, हॅम्प्टनसाठी शिकागो, आणि क्रॉस रेफरन्सही मागा, म्हणजे दुसऱ्याच्या फाइलीत आलेले याचे उल्लेख. नवखे हे विसरतात आणि मग रेकॉर्ड सापडलं नाही असं पत्र आलं की खचतात.

साध्या अर्जदाराला दोन तासांचा शोध आणि १०० पानं फुकट असतात. त्याहून जास्त खर्च झाला तर आधी विचारा, असं एक वाक्य टाका.

कायद्यात २० कामाचे दिवस लिहिलेत. हसा आणि कॅलेंडरवर पुढच्या वर्षाची खूण करा. नकार आला तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं, वकील लागत नाही, एक पानाचं पत्र पुरतं, कुठली पानं आणि कुठला कोड तुम्हाला मान्य नाही एवढं लिहायचं.

शिवाय १९४० ते १९७९ मधल्या न सुटलेल्या केसेसचे कागद उघडण्यासाठी २०१९ च्या जानेवारीत कायदा झालाय, त्याखाली एक रिव्ह्यू बोर्ड आहे, ते कागद टप्प्याटप्प्याने येतायत. आणि किंग यांच्यावर चोरून केलेल्या रेकॉर्डिंगवरचं कोर्टाचं सील २०२७ च्या जानेवारी अखेरपर्यंतचं आहे.

पायरी ९: फाइलीवरही विश्वास ठेवू नका

एवढी पानं वाचली की फाइल म्हणजे सत्य असं वाटायला लागतं. पण ती लिहिणारे तेच आहेत ज्यांनी निनावी पत्रं पाठवली. खबऱ्याला पैसे माहितीचे मिळतात, त्यामुळे माहिती नसली तरी तो काहीतरी आणतोच. कुणाचे कुणाशी संबंध, कोण दारू पितं, असली पानं बदनामीसाठीच जमवलेली असतात, ती "फाइलीत आहे" म्हणून पुढे ढकललीत तर १९६४ मध्ये जे पत्र पाठवणाऱ्याला जमलं नाही ते तुम्ही फुकटात करून दिलंत. ते रेकॉर्डिंग उघडतील तेव्हा हे लक्षात असू द्या, तेव्हा बराच गदारोळ होणार आहे.

उलट बाजूही आहे, प्रत्येक ठिकाणी कटच शोधू नका. माल्कम एक्स यांच्या खुनात शिक्षा झालेले मुहम्मद अझीझ आणि खलील इस्लाम २०२१ मध्ये निर्दोष ठरले, कारण एफबीआय आणि न्यूयॉर्क पोलिसांनी त्यांच्या बाजूचा पुरावा तेव्हा पुढे आणला नव्हता. खलील इस्लाम तोवर वारले होते. एवढं कागदावर सिद्ध आहे. यावरून "सरकारनेच मारलं" अशी उडी मारणारे खूप भेटतील, त्यांना विचारा कुठलं पान, कुठला सिरियल नंबर. सिरियल नंबर म्हणजे फाइल नंबरानंतर डॅश देऊन येतो तो आकडा, प्रत्येक कागदाच्या खालच्या कोपऱ्यात कुठेतरी हाताने किंवा शिक्क्याने लिहिलेला असतो. वहीत प्रत्येक नोंदीपुढे तो लिहायची सवय आजपासूनच लावा, आणि सिरियलमध्ये मधलाच आकडा गायब दिसला, म्हणजे ४१ नंतर थेट ४३, तर पुढच्या अर्जात ४२ नंबरच मागा.